तीर्थाबरोबरची गोळी

सुलभाकाकूंचा गुरुवार म्हणजे दिवेलागणीपर्यंत मौन. अमेरिकेत, शॉमबर्गला आल्यापासून हे व्रत कधी मोडलं नव्हतं. प्रल्हादकाका थट्टा करायचे, "गुरुवारी मला बोलायला मिळतं, देवाची कृपा!"

आज मात्र काका इमर्जन्सीतल्या खाटेवर निपचित पडले होते. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी.

नागपूरहून परतताना काकांनी मलेरिया सोबत आणला होता. औषधांनी ताप उतरला, घरी सोडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की जंतू यकृतात दडून राहतात, त्यांच्यासाठी वेगळी गोळी लागते. पण ती रक्ताची एक तपासणी झाल्यावरच. रिपोर्ट काही येईना आणि काकूंना धीर धरवेना. भारतातून आणलेल्या औषधांच्या डब्यात त्याच गोळ्यांची पट्टी होती. "असू दे वहिनी, तिकडे चिठ्ठीशिवाय काही मिळत नाही," म्हणत दिरांनी आपल्या आजारपणातली उरलेली दिली होती. रोज पूजा झाली, की काकू तीर्थाबरोबर एक गोळी काकांच्या हातावर ठेवत. लेकीला, चैत्रालीला, त्यांनी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर अनीश तरुण, जन्म इथलाच. "काकू, मलेरिया परत आला नाही. रक्तात जंतू दिसत नाहीत. पण तांबड्या पेशी फुटतायत, खूप फास्ट. हीमोग्लोबिन अर्धं झालं. का, ते कळत नाही. काकांना दुसरं काही दिलं का?"

काकूंनी ओठ मिटून घेतले.

"शी कान्ट टॉक टुडे, तिचं व्रत आहे," चैत्राली म्हणाली. "बाबांची औषधं मीच बघते. नथिंग एल्स."

"ओके. मग आणखी टेस्ट्स करू."

किती सोपं होतं! कुणी विचारणार नव्हतं, कुणी रागावणार नव्हतं. काकांचा हात त्यांनी हातात घेतला. तो गार होता. इतकी वर्षं देवासाठी धरलेलं मौन आपण आज स्वतःसाठी धरतोय, हे लक्षात आलं आणि काकूंना स्वतःचीच भीती वाटली.

"मी दिली," त्या म्हणाल्या. "गोळी. रोज एक. आजसुद्धा." पर्समधून त्यांनी पट्टी काढून दिली.

नाव वाचताच अनीश ताठ झाला. "काही लोकांच्या रक्तात एक एन्झाइम कमी असतं, काकू. या गोळीनं त्यांच्या पेशी फुटतात. ती टेस्ट त्याचसाठी होती." त्यानं वळून नर्सला रक्ताची पिशवी मागवायला सांगितलं.

"आई! मला का नाही सांगितलंस?"

"ओरडली असतीस."

"ऑफ कोर्स ओरडले असते!" चैत्रालीचा आवाज फुटला. तिनं आईचा खांदा घट्ट धरला.

"वाचतील ना रे?"

"गोळी आता बंद. रक्त देतोय. आजचा दिवस जाऊ दे, मग सांगतो." अनीश थांबला. "अजून काही दिलं होतं, काकू?"

काकूंनी डोळे पुसले. "एक काढा दिला होता."

"त्यात काय काय?"

"गुळवेल," काकू म्हणाल्या, आणि आठवून आठवून एकेक सांगत गेल्या.