सायलेन्सरपाशी बसलेली आई

माझी थोरली लेक रांगायला लागली, त्या वर्षीची ही गोष्ट. माझ्या ताईचे यजमान गाड्या दुरुस्त करत आणि मी दाजींच्या हाताखाली काम करी. गॅरेजच्या मागच्या खोल्यांत आम्ही सगळे, आईसुद्धा, एकत्र राहत होतो. ताई बेकरीची व्हॅन चालवायची. पहाटे पाव भरायचे, दुकानोदुकानी टाकायचे आणि हॉर्न वाजवत घरी यायचं, यात तिचा जीव होता.

त्या दिवशी चढावर व्हॅनने दम सोडला. ताईने ती धक्के खात कशीबशी दारात आणली.

"बेकरीवाला म्हणाला, उद्या पहाटे गाडी आली नाही तर तो दुसरी लावणार," ती म्हणाली. "एकदा दुसरी लागली की माझं काम गेलंच."

दाजींनी प्लग काढून एकेका सिलिंडरला दाब मोजायचा गेज लावला. ताई आत बसून स्टार्टर मारत होती. चारपैकी तीन सिलिंडरना काटा झटकन वर गेला. तिसऱ्या नंबरला मात्र तो निम्म्यावरच बसला.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर इंजिन पूर्ण खोलावं लागेल," दाजी म्हणाले. "मग आठवडा विसरा."

 

दाजींनी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल ओतलं. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट भरून काटा चढला असता. ताईने पुन्हा स्टार्टर मारला, तरी तो निम्म्यावरच राहिला. दाजींचा चेहरा जरा मोकळा झाला. आता आत हवा भरायची आणि ती कुठून पळते ते ऐकायचं. त्यासाठी कान हवे होते, म्हणून घरच्यांना बोलावलं. माझी बायको लेकीला कडेवर घेऊन कार्ब्युरेटरपाशी उभी राहिली. बुडबुडे येतात का बघायला ताई रेडिएटरवर वाकली. दाजींनी तेलाच्या झाकणाला कान लावला. आई चहा घेऊन आली होती, तिला स्टूल देऊन सायलेन्सरमागे बसवलं.

"जावईबापू, या वयात मला धुराड्याला कान लावायला लावताय," ती म्हणाली.

"इंजिन बंद आहे, सासूबाई. धूर नाही यायचा."

मी हवेची नळी उघडली. सगळे श्वास रोखून बसले. माझी लेकही गप्प.

"अगं बाई," आई म्हणाली, "इथं आत कुणीतरी दमेकरी बसलाय. सूं सूं करतोय नुसता."

म्हणजे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नीट मिटत नव्हता. दाजींनी वरचं झाकण काढलं आणि व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटच्या फटीत मोजायची पातळ पट्टी घालून पाहिली. ती शिरेना. फट उरलीच नव्हती, म्हणून व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहत होता.

"दाजी, हे इतकं कुणी आवळलं?" मी विचारलं.

दाजी पान्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या ताईची तक्रार होती. टिकटिक ऐकून डोकं उठतं म्हणाली. जो जास्त वाजत होता तो जरा आवळला."

"अहो, मी टिकटिक बंद करायला सांगितली होती," ताई म्हणाली. "गाडी नाही."

"बायकोचं ऐकलं की हे असं होतं," दाजी मला म्हणाले.

"ऐकताय कुठं? अर्धंच ऐकता."

आईला इतकं हसू आलं की कपातला चहा सांडला.

दाजींनी पट्टी बसेल एवढी फट ठेवून टॅपेट पुन्हा लावला. हवा सोडली. आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. व्हॉल्व्ह जळला असेल तर इंजिनचं हेड उतरवावं लागणार होतं. ताईने पदर मुठीत धरला. दाजींनी हातोडीच्या लाकडी दांड्याने व्हॉल्व्हच्या टोकावर हळूच टकटक केली. व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या बैठकीवर काजळी अडकली असली तर ती झडते.

"सासूबाई?"

"थांबा." आईने कान अगदी टेकवला. "गेला. दमेकरी गेला."

गेज पुन्हा लावला. काटा इतरांपेक्षा किंचित कमी, पण भरवशाचा. प्लग बसवून ताईने इंजिन सुरू केलं. टिकटिक मोठ्याने वाजू लागली आणि ताई म्हणाली, वाजू दे.

ताई गाडी तपासायला चढावर निघाली, तेव्हा आई हट्टाने पुढच्या सीटवर बसली. तिच्या एका कानाला काजळीचं काळं वर्तुळ उमटलं होतं. ते कुणी तिला सांगितलं नाही. पहाटे पाव वेळेवर पोचले आणि ताईने पुढे कितीतरी वर्षं ते काम केलं.

आई मात्र त्या दुरुस्तीनंतरच्या उन्हाळ्यातच वारली.