पंखांवरचे मूग

वाटूरच्या भुजंग सुताराला वाईट काम करता यायचं नाही. हे कौतुकानं सांगत नाही, खोड म्हणून सांगतोय. वखराचा दांडा तात्पुरता ठोकून घ्यायला आलेला माणूस दिवस मावळेपर्यंत त्याच्या दारात बसून राहायचा, आणि "चालतंय, कसंबी बसव" असं कुणी म्हटलंच तर भुजंगचं टाळकं फिरायचं. अशा माणसाच्या गळ्यात अठ्ठेचाळीसच्या भादव्यात एक काम पडलं. ते चांगलं जमलं तर अख्खं गाव मरणार होतं.

त्याचा एकुलता मुलगा रामकिसन, लग्नाला आलेला गडी, श्रावणात सरकारी शिंदीची झाडं तोडताना सापडला. शिंदीच्या दारूवरचा सरकारी महसूल बुडावा आणि निजामाचं राज्य जावं म्हणून तेव्हा गावोगावची पोरं शिंदीवर कुऱ्हाडी चालवत होती. सुताराचा पोर, कुऱ्हाड घरचीच. त्याला धरून गावच्या चावडीत कोंडलं आणि बाहेर शिपाई बसवले.

मग एक दिवस अमीन, म्हणजे तेव्हाचा पोलीस अधिकारी, स्वतः भुजंगच्या दारात आला. हातात एक चित्र होतं. मोठ्या लढाईच्या वेळी फंड गोळा करायला कचेरीत लावलेलं, इंग्रजांच्या लढाऊ विमानाचं.

"भुजंग, असलं एक मला गावाजवळच्या माळावर पायजे. लाकडाचं, पन बिलकुल खऱ्यावानी."

"कशाला, सरकार?"

"बॉम्ब पडायला," अमीन म्हणाला.

त्याचं गणित सरळ होतं. हिंदुस्थानची फौज येणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, आणि फौजेआधी विमानं. अमीनाच्या लॉऱ्या आणि पेट्रोलची पिंपं कोसभर लांब आमराईत दडवलेली होती. वरच्यांनी माळावरचं विमान बघावं, बॉम्ब तिथं टाकावेत आणि आमराई वाचावी.

"सरकार, माळाला लागून गाव हाय. पयलं घर माझंच."

"म्हनून तर. ओसाड जागी एकटं विमान कोन उभं करतंय? चुलीचा धूर पायजे, जनावरं पायजेत. गावातून कुनी हलायचं न्हाई." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "ज्या दिवशी बॉम्ब पडंल, त्या दिवशी तुझा पोरगा सोडतो. माझी जबान हाय. काम कच्चं झालं तर त्याला अशा जागी धाडीन, की परत दिसायचा न्हाई."

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. वाटांवर शिपाई बसले. लेकुरवाळ्या बाया माहेरी निघाल्या तर त्यांनाही परत फिरवलं. भुजंग कामाला लागला.

पहिल्या दिवशी त्यानं ठरवून डावा पंख थोडा वाकडा जोडला. रात्रभर तो वाकडा पंख त्याच्या डोक्यात खुपत राहिला. सकाळी उठून त्यानं तो सोडवला आणि सरळ केला. बायको गोजरबाई न्याहारी घेऊन आली होती, तिनं ते पाहिलं.

"आवं, ऱ्हाऊ द्यायचा की वाकडा."

"अमीन चित्र घिऊन येतो बघायला. त्याला दिसंल."

"अमीनाला दिसंल म्हनून, का तुमाला दिसतंय म्हनून?"

भुजंग वाकसानं बांबू तासायला लागला. बायकोशी खोटं बोलणं त्याला सुतारकामाइतकं जमत नव्हतं.

बांबूचा सांगाडा झाला. त्यावर तरट ताणून चिंचोक्याची खळ फासली. पंखांवर पिंपांचे पत्रे ठोकून बसवले. पंख चांगले पुरुषभर उंचीवर आले, खालून कुणाला वरचं दिसू नये इतके. बसायच्या जागेवर काच हवी होती, तर कागदाला तेल पाजून तो बांबूच्या कामट्यांवर असा बसवला, की उन्हात लखलखायचा. बंदुकांच्या नळ्या बोरूच्या केल्या आणि काजळीनं काळ्या केल्या. पत्र्यावर खिळ्यांचे ठिपके एका ओळीत उमटवले. खऱ्या यंत्रातून तेल गळतं, म्हणून नाकापासून मागं ओघळ काढले. आणि हे सगळं कमी पडलं म्हणून की काय, गाडीचं चाक ओढत नेऊन माळावर लांबलचक चाकोरी पाडली. विमान उतरलं असेल तर त्याचा माग नको का? हे अमीनानं सांगितलं नव्हतं. ते भुजंगलाच सुचलं. सुचलं तेव्हा त्याला आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी अंगावर काटा आला.

पूर्ण झालं त्या दिवशी अमीन भोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "सुभानल्ला!" शिपाई तर हात लावायला बिचकत होते. भुजंगची छाती फुगली, आणि फुगल्याची त्याला लाज वाटली. गावात कुणी त्याला तंबाखू विचारेना. शेजारची साळूबाई त्याला बघून दार लावून घ्यायची. तिच्या घरात तान्हं नातवंड होतं. तिला दोष कसा द्यायचा? भुजंग रोज चावडीसमोरून जायचा, पण शिपाई त्याला थांबू देत नसत. रोज तो मनात म्हणायचा, पडू दे एकदाचा बॉम्ब, आणि मग घराच्या वाटेवर म्हणायचा, देवा, पडू देऊ नको.

मग पावसाची झड थांबली आणि कडक ऊन पडलं. जालन्याच्या अंगाला धडधड ऐकू येऊ लागली. अमीन घाईनं आमराईत गेला. भुजंग माळावर आला तर विमानाला शिडी लावलेली, आणि पंखावर गोजरबाई आणि साळूबाई उकिडव्या बसलेल्या. चिखलानं गावात टीचभर कोरडी जागा उरली नव्हती आणि तोडून आणलेल्या मुगाच्या शेंगांना घरात बुरशी चढत होती. त्या काळ्या शेंगा दोघींनी एका पंखभर पसरल्या होत्या. दुसऱ्या पंखावर लाल-हिरव्या ठिगळांच्या गोधड्या वाळत होत्या. रस्त्यावरच्या शिपायांना वाटलं असेल, कामच चाललंय अजून.

भुजंग ओरडला, "अगं, खाली उतर! विमान हाय ते!"

"विमान आसंल तर उडू द्या," गोजरबाई शेंगा खालीवर करत म्हणाली. "उडतंय तवर मूग वाळतील. पत्रा चांगला तापलाय."

भुजंग रागानं शिडी चढला. वर पोचला आणि थबकला. वरून त्यानं आपलं काम कधी पाहिलंच नव्हतं. वरून ते विमान नव्हतं. ते मूग घातलेलं खळं होतं. गोजरबाई त्याच्याकडे बघत होती, आणि त्याला कळलं की ती नुसती मूग वाळवायला आलेली नाही.

"बॉम्ब न्हाई पडला तर रामकिसन सुटत न्हाई," तो हळू म्हणाला.

"आन पडला तर सुटून यील कुनाकडं?" तिचा आवाज फाटला. "मला काय पोटचा नको झालाय व्हय? पन साळूबाईचं तान्हं मारून मला माझं न्हाई आनायचं."

साळूबाई मान खाली घालून शेंगा चाळवत राहिली. भुजंगनं एकदा चावडीच्या दिशेला पाहिलं. मग तो खाली बसला आणि कोपऱ्यात राहिलेली मोकळी जागा त्यानं ओंजळीनं शेंगा ओतून झाकली.

विमानं दुपारी आली. दोन होती. भुजंग आणि दोघी बाया अजून पंखावरच होत्या, उतरायला वेळच मिळाला नाही. एक सरळ गेलं. दुसरं गर्रकन वळून खाली आलं, इतकं खाली की गोधड्या उडाल्या आणि शेंगा चहूकडं उधळल्या. साळूबाईनं डोकं गुडघ्यात घातलं. भुजंगला वाटलं, आतला माणूस मान वळवून आपल्याकडंच बघतोय. मग ते वर चढलं, आणि आवाज लांब जात जात संपला.

भुजंग पंखावर बसून लहान मुलासारखा रडला. गाव वाचलं होतं, आणि पोराच्या सुटकेची किंमत त्यानं स्वतःच्या हातानं नाकारली होती.

तो वाकस आणि छिन्नी घेऊन चावडीकडे पळाला. जे होईल ते होईल. पण विमानांच्या आवाजानं शिपाई ज्वारीत पळाले होते ते परतलेच नव्हते, आणि आमराईकडून लॉऱ्या निघून गेल्याचा आवाज येत होता. समोर फक्त दार होतं. सागाचं, पोलादी पट्ट्यांचं, भुजंगनंच घडवलेलं. कडी तुटेना, बिजागरी हलेना. स्वतःलाच शिव्या देत तो घाव घालू लागला.

आतून आवाज आला, "बा?"

"मीच हाय रं."

"बॉम्ब कुठं पडला?"

"न्हाई पडला."

आतून हुंदका आला.

"शिपायानं मला सांगितल्तं, पडला की सुटशील. आज आवाज आला अन मी..." रामकिसनला बोलवेना. "आय घरात आसंल, तू तिथं आसशील, समदं ठाऊक आसून मी म्हनलो, पड. बा, मी मोठ्यानं म्हनलो, पड एकदाचा."

भुजंगचा हात थांबला. असू दे रे, म्हणून त्याला गप्प करता आलं असतं. पोरगा आयुष्यभर बापाच्या उपकारात राहिला असता. भुजंगनं कपाळ दाराला टेकलं.

"मी पंखावर मूग पसरले, रामा. पडू नये म्हनून. तू आत हाईस ठाऊक आसून पसरले."

मग रामकिसन म्हणाला, "दार तोड, बा."

दार तुटलं तेव्हा गोजरबाई धापा टाकत येऊन पोचली होती. तिनं पोराचं तोंड दोन्ही हातांत धरलं, पाठ चाचपली, कुणी मारलं का विचारलं. त्यानं न्हाई म्हणून मान हलवली. आत काय बोलणं झालं ते तिला ना बापानं सांगितलं, ना लेकानं.

तिघं घराशी आले. घर जिथल्या तिथं होतं. चुलीचा धूर कौलांतून निघत होता. रामकिसन उंबऱ्याशी थांबला आणि आत बघत राहिला. पाय काही उचलेना. शेवटी गोजरबाईनं त्याचा हात धरून त्याला आत ओढलं.