गळ्यावरचा हात

गल्लीच्या तोंडाशी बू गिनाची, म्हणजे गिनाबाईंची, तळणाची गाडी लागली, की पहिली आरोळी गिऱ्हाइकांसाठी नसेच. "तेमोऽऽन! उठलास का रे माझ्या राजा?" अशी हाक घातल्याशिवाय तिची कढई तापत नसे. ती हाक कानावर पडली, की आत चटईवर पडलेला चार वर्षांचा पोर दोन्ही टाचा आपटत हसायला लागे. हसण्याला आवाज नव्हता. जन्मतःच त्याची श्वासनळी चिंचोळी, म्हणून डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती, आणि हसू असो की रडू, त्या नळीतून नुसती हवा फुसफुसे.

त्याची आई मुरवानी नेमकी त्याच वेळी त्याच्या पोटातल्या दुसऱ्या नळीतून पेज सोडत बसलेली असे. उजाडल्यापासून ती त्याच्यामागे. नळीतला कफ यंत्रानं ओढून काढ, गळपट्टी बदल, भोकाच्या कडा पुसून घे, कूस बदल, पाठ थोपट. एवढं करून पोर तिच्याकडे कसा बघे? घरातल्या खांबाकडे बघावं तसा. खांब आहे, असणारच, त्यात हसण्यासारखं काय? आणि रस्त्यावरून फुकटची हाक मारणारीसाठी मात्र नाच! मुरवानीच्या अंगाचा तिळपापड होई.

"त्याचं नाव दानेंद्र आहे," ती खिडकीतून सुनवी.

"असेल की," बू गिना तेलात तेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, तुकडे सोडत म्हणे. "शाळेत घालाल तेव्हा लिहा तसं. माझ्यासाठी तो तेमोनच."

तेमोन म्हणजे सापडलेला. हे नाव पडायला कारण मुरवानीची सासू. सात महिने इस्पितळात काढून पोर पहिल्यांदा घरी आला, तेव्हा म्हातारी गावाहून आली. नातवाच्या गळ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे पोर तुम्हा दोघांना सोसत नाहीये. टाकून द्या आणि जो उचलेल त्याच्याकडून परत विकत घ्या. दुखण्याला पत्ता सापडणार नाही." गल्लीत कुणालाच यात नवल वाटलं नाही. क्लातेन गावच्या त्या गल्लीतली निम्मी माणसं लहानपणी अशीच उकिरड्यावर टाकून पुन्हा विकत घेतलेली होती, आणि धडधाकट होती.

मग एका सकाळी पोराला सुपात ठेवलं, शेजारी नवा झाडू ठेवला आणि सूप नेऊन ठेवलं गल्लीच्या कचराकुंडीपाशी. उचलायला कोण? तर बू गिना. नवरा गेलेला, पोरबाळ नाही, आणि गळा असा मोकळा की तीन गल्ल्यांत ऐकू जावं. ठरल्याप्रमाणे ती आली, "अगंबाई, कुणाचं हे लेकरू? कुणाचंच नाही? मग माझं!" म्हणाली आणि उचलून घेऊन गेली. इथवर ठीक. पण मुरवानी आणि तिचा नवरा प्राम केळ्यांची फणी आणि मूठभर नाणी घेऊन पोर विकत घ्यायला गेले, तेव्हा बाई दारात उभी, पोर खांद्यावर, डोळे वाहताहेत. "मी नाही विकत," म्हणाली. सगळे हसले. प्रामसुद्धा हसला. शेवटी तिनं नाणी घेऊन पोर दिला. मुरवानीला मात्र ते जे लागलं, ते लागलंच. सोंग आणि खरं यातला फरक तिला कळत होता, आणि त्या बाईच्या डोळ्यांत सोंग नव्हतं.

तेव्हापासून बू गिना तिच्या डोळ्यांत खुपत होती. दिलेले तेंपे मुरवानी खाई, कारण ते चांगले असत. त्याचाही तिला राग येई.

यंदा पावसाळ्यानंतर मुरवानीच्या गर्भाशयात गाठ निघाली. अंगावरून इतकं जाऊ लागलं की जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करायचं आणि लवकर करायचं, उशीर झाला तर जिवावर बेतेल. आठवडाभर तरी इस्पितळात. पण मग पोराचा कफ कोण काढणार? प्राम जाकार्ताला जाणारी बस चालवी, चार-चार दिवस घरी नसे. शिवाय रक्त बघितलं की तो बसकण मारी आणि कफ बघितला की तोंड फिरवी. सासूचे हात कापत.

"बू गिनाला शिकव," प्राम म्हणाला.

"तिला? लसूण वाटलेल्या हातांनी?"

"हात धुता येतात, दिक," प्राम म्हणाला. तो बायकोला दिक म्हणे, ती त्याला मस.

"मस, तुम्हाला काय जातंय बोलायला! ते काय तेंपे उलटायचंय?"

"मग दुसरं कोण आहे ते सांग. तू सांग, मी पाय धरून आणतो."

दुसरं कुणी नव्हतं. बू गिना नखं कापून, केस बांधून, नवा गाउन घालून शिकायला आली, जशी काही कुणाच्या लग्नाला निघाली होती. मुरवानीनं तिला तीनदा हात धुवायला लावले. तिनं ते बिनबोभाट धुतले, तेव्हा मुरवानीनं चौथ्यांदा धुवायला लावले.

शिकवण्यात तिनं लबाडी केली नाही, हे सांगायला हवं. कफ ओढायची बारीक नळी गळ्यातल्या नळीत किती सरकवायची, यंत्राची ओढ कधी सुरू करायची, केव्हा थांबायचं, ओठ निळसर झाले तर काय, गळ्यातली नळीच निघाली तर काय, सगळं नीट दाखवलं. पोराच्या जिवाशी खेळण्याइतकी ती वाईट नव्हती. तिनं फक्त एक गोष्ट सांगितली नाही. ती कुठल्या डॉक्टरनं शिकवलेली नव्हती, म्हणून ती सांगायला आपण बांधील नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

गोष्ट अशी होती. कफ काढायच्या आधी मुरवानी पोराचा तळहात उचलून आपल्या गळ्यावर ठेवी आणि ओठ मिटून गुणगुणे. गाणं कुठलं असं नाही, नुसता सूर. पोराच्या हाताला ती थरथर कळे. त्याच्या स्वतःच्या गळ्यात कधी काही थरथरलं नव्हतं. डोळे मोठे करून तो ती थरथर चाचपत राही, हनुवटी आपोआप वर होई, आणि तेवढ्यात नळी आत जाऊन बाहेरही येई. हे दोघांचं होतं. प्रामलाही ठाऊक नव्हतं. तेमोन म्हणून हाका मारत त्या बाईनं त्याचं नाव नेलं, हसू नेलं, आता हेही उचलून द्यायचं? का म्हणून?

मग व्हायचं तेच झालं. बू गिना नळी घेऊन वाकली, की पोर मान झटके, लाथा झाडी, तोंड लालबुंद होईस्तोवर बिनआवाजाचं रडे. ती घाबरून हात मागे घेई. मुरवानी पुढे होई, पाठमोरी वाकून त्याचा हात गळ्यावर घेई, आणि क्षणात काम फत्ते.

"तुझ्या हाताला गुण आहे गं," बू गिना हिरमुसून म्हणे.

"आई आहे मी त्याची," मुरवानी म्हणे. ते म्हणताना तिला जे सुख होई, ते सणाच्या जेवणातही झालं नसतं.

ऑपरेशनची तारीख एकदा पुढे ढकलली. बू गिना अजून तयार नाही, असं इस्पितळात कळवलं. मग दुसऱ्यांदा ढकलली. मुरवानीचे ओठ भाताच्या पेजेसारखे पांढरे पडले होते. प्रामनं जाकार्ताहून फोनवर आरडाओरडा केला, मग रडला. "मी काय करू? पोर तिला हात लावू देत नाही," ती म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर, खोटं कशाला बोलायचं, आरशात बघून ती जराशी हसलीसुद्धा.

दोन दिवसांनी दुपारी न्हाणीघरात कपडे पिळता पिळता तिच्या पायांतलं बळच गेलं. ती खाली बसली ती उठेना. गाउन भिजत चालला होता, आणि पाण्यानं नव्हे. तेवढ्यात आतून तो आवाज आला, जो ती झोपेतही ओळखायची. नळीत कफ खदखदत होता.

"बू गिना!" ती ओरडली. आवाज स्वतःलाच ऐकू येईना. मग तिनं हाताला लागलेलं टमरेल सगळा जोर लावून भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं.

बाहेर कढईत झारा पडल्याचा आवाज झाला. चपला फटफटल्या. बू गिना घरात शिरली, खदखद ऐकून सरळ पोराकडे गेली. नळाचं पाणी वाजलं. हात धुतेय, मुरवानीच्या मनात आलं. यंत्र घरघरलं. ती ढोपरांवर सरकत, भिंत धरत दारापर्यंत आली आणि चौकटीला टेकून राहिली.

पोर मान झटकत होता. ओठ काळवंडायला लागले होते. बू गिनानं एकदा नळी नेली, त्यानं फटका मारून उडवली. तिनं दुसऱ्या स्वच्छ नळीचं पाकीट फोडलं, ती यंत्राला लावली, आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"मला येत नाही रे बाळा," ती म्हणाली. गालावरून पाणी ओघळत होतं. "मी अडाणी बाई. तुझी आई काय करते, तूच सांग. सांग लवकर."

गुणगुण! मुरवानीला ओरडायचं होतं. एक शब्द. तो घशापर्यंत आला आणि अडकला, आणि तो अशक्तपणामुळे अडकला की कशामुळे, हे ती पुढे कधीच ठरवू शकली नाही.

पोरानं हात उचलला. बू गिनाच्या जाड, घामेजल्या गळ्यावर ठेवला. वाट बघितली. काहीच होईना, तेव्हा चापट मारली.

"काय, गळा दाबतोस? दाब, दाब," बू गिना रडता रडता म्हणाली. बोलल्यावर गळा थरथरला. पोराचे डोळे मोठे झाले. तिनं ते पाहिलं. बाई अडाणी असेल, मठ्ठ नव्हती. गाणं काही तिला येत नव्हतं. तोंडात जे रोज होतं तेच तिनं त्या हाताखाली सोडलं: "तेंपे घ्याऽऽ, गरम तेंपेऽऽ, कुरकुरीत तेंपे घ्या होऽऽ!"

पोराची हनुवटी वर झाली. नळी आत गेली, कफ सुर्रकन ओढला गेला, नळी बाहेर आली. ओठ लाल व्हायला लागले. आणि गडी हसत होता.

मुरवानीचा जीव आधी भांड्यात पडला. त्यामागोमाग अशी आग झाली की तेवढी पोटातही होत नव्हती. तिनं जपलेलं, दडवलेलं, ज्यापायी स्वतःचं रक्त जाऊ दिलेलं, ते पोरानं स्वतःच्या हातानं देऊन टाकलं होतं. आईला न विचारता.

बू गिनानं वळून पाहिलं. दारातली बाई पाहिली, तिचा गाउन पाहिला, मग तिचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावर सगळं होतं.

"तुला ठाऊक होतं," ती सावकाश म्हणाली.

मुरवानीनं मान डोलावली.

"मेली असतीस, पण बोलली नसतीस?"

"माझ्याकडे तेवढंच होतं," मुरवानी म्हणाली, आणि मग चौकट तिच्या हातून सुटली.

समोरच्यांची गाडी मिळाली, रक्ताच्या बाटल्या चढल्या, ऑपरेशन त्याच रात्री झालं. प्राम बस दुसऱ्याच्या हाती देऊन धावत आला. पोर बू गिनाकडे राहिला आणि नीट राहिला. इस्पितळातल्या खाटेवर रोज ही खुशाली कानावर येई, आणि रोज मुरवानी देवाचे आभार मानून भिंतीकडे तोंड करी.

ती घरी आली त्या सकाळी पोर तिला बघून हसला नाही. त्यानं फक्त तिचा गाउन मुठीत पकडला आणि दुपारपर्यंत सोडला नाही. खांबाला कुणी असं धरत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. मग कफ दाटला. टाके सांभाळत ती बसली, हात धुतले, त्याचा तळहात उचलून गळ्यावर ठेवला आणि ओठ मिटून गुणगुणू लागली.

पोर वाट बघत राहिला. मग त्यानं तिच्या गळ्यावर चापट मारली. ती आणखी गुणगुणली. आणखी एक चापट. भुवया आक्रसलेल्या. हे नको, ते.

त्याला काय हवंय ते तिला कळलं. जीव असा जळला की डोळ्यांत पाणी आलं. तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर कढई चुरचुरत होती. त्या दुपारनंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"तेंपे घ्या," ती पुटपुटली.

चापट.

"तेंपे घ्याऽऽ! गरम तेंपेऽऽ! कुरकुरीत तेंपे घ्या होऽऽ!"

हनुवटी वर झाली. नळी गेली, आली. पोर टाचा आपटून हसत होता, तिच्याकडे बघून, तिच्या गळ्यावर हात ठेवून.

बाहेर झारा थांबला. "कोण गं ती भवानी?" रस्त्यावरून आवाज आला. "माझी गिऱ्हाइकं पळवतेय?"

मुरवानीनं डोळे पुसले, पोराचा हात गळ्यावर घट्ट धरला आणि पुन्हा आरोळी ठोकली, बू गिनापेक्षा मोठ्यानं.