गिरवलेली सही

बापाचा चेहरा मार्सेला ग्रेगुशने नीट पाहिला तो पन्नाशी उलटल्यावर, आई वारल्यावर, तिच्या शिवणयंत्राच्या खणात. च्युइंगगमच्या पुडीत मिळायचं तसलं बेसबॉलचं जुनं कार्ड होतं ते. मधोमध घडी पडलेली, चारही कोपरे झिजून गोल झालेले, एका कडेला कॉफीचा डाग. टोपी घातलेला एक हसरा तरुण, आणि त्याच्या छातीवर निळ्या शाईत आडवी सही: स्टॅन ग्रेगुश.

स्टॅन हा जॉन्सटाउनच्या पोलाद कारखान्यातला पोरगा. मोठ्या लीगमध्ये अर्धा हंगाम खेळला, तेवढ्यावरच त्याचं हे एकुलतं एक कार्ड निघालं. मग एका हिवाळ्यात खेळायला म्हणून कॅलिफोर्नियाला गेला तो गेलाच. मार्सेला तेव्हा शाळेतही जात नव्हती, धाकटा लेनी पाळण्यात होता. इर्माने, म्हणजे त्यांच्या आईने, नवऱ्याचे सगळे फोटो तळघरातल्या भट्टीत घातले आणि त्या घरात पुन्हा त्याचं नाव निघू दिलं नाही. कुणी काढलंच तर म्हणायची, "मेला तो. सूप गार होतंय, जेवा." पुढे तो तिकडेच कुठेतरी खरोखर वारला. बातमी आली तेव्हाही ती पिरोगीच्या, त्या उकडलेल्या करंज्यांच्या, पाऱ्या लाटत राहिली.

मार्सेलाने मात्र वाट पाहणं कधी सोडलं नाही. लहानपणी उशीखाली रेडिओ दाबून ती सामने ऐकायची. कुठल्यातरी संघात त्याचं नाव येईल म्हणून. मोठेपणी ती आशा सरली, पण बापाच्या हातची निदान एक रेघ आपल्याकडे असावी, ही ओढ काही जाईना. ती रेघ आता सापडली होती. फक्त ती त्याचीच होती का?

म्हणून ती पिट्सबर्गच्या कार्डांच्या जत्रेला निघाली. लेनीही सोबत आला, कुरकुरत.

"सही खरी निघाली तर काय करणारेस? गप्पा मारणारेस त्याच्याशी?"

"तुला काय त्रास होतोय रे?"

"मला कशाला त्रास होईल? मी त्या माणसाला ओळखतही नाही."

हॉलमध्ये टेबलांच्या रांगा लागल्या होत्या. कोपऱ्यात पारखी बसले होते. त्यांतला टेरेन्स ओक्स नावाचा, पांढऱ्या दाढीचा एक माणूस त्यांच्या वाट्याला आला. त्याने कार्ड उजेडात तिरपं धरलं, पाठीमागचे गोंदाचे डाग पाहिले, कोपऱ्यांवर भिंग फिरवलं.

"दर्जा म्हणाल तर दहापैकी एक, म्हणजे अगदी तळाचा. पुष्कळ हाताळलंय हे कार्ड. पण सहीचं वेगळं असतं. त्या काळी खेळाडू कंटाळले की मैदानावरची पोरंटोरंही त्यांच्या सह्या ठोकायची. बघू या."

त्याने कार्ड एका दिव्याखाली ठेवलं. शेजारच्या छोट्या पडद्यावर सही मोठी होऊन दिसू लागली. स्टॅनच्या जुन्या करारावरच्या सहीचं चित्र त्याच्याकडे होतं. ते पाहून तो पुन्हा पडद्याकडे वळला.

"सही अस्सल आहे असा शिक्का मला मारता येणार नाही," शेवटी तो म्हणाला.

"घ्या," लेनी म्हणाला. "सांगत होतो मी."

मार्सेला पर्स उचलायला लागली.

"थांबा बाई, पुरतं ऐका. खालची सही त्याचीच आहे. ही फिकी रेघ दिसते? हात कसा झपाट्याने गेलाय बघा. पण वरून कुणीतरी गिरवलीय. हळूहळू, थांबत थांबत. शाई उडत गेली तसतशी गिरवलेली दिसते, आणि एकदाच नाही. नुसत्या डोळ्यांना सगळं निळं दिसतं, पण या दिव्यात तीन वेगळ्या शाया आहेत. ही सगळ्यात वरची जेल पेनची. हे पेन दुकानांत दिसायला लागून फार वर्षं झाली नाहीत."

मार्सेलाने पर्स परत खाली ठेवली.

"तेव्हा आईला दिसत तरी होतं का?" लेनीने हळूच विचारलं.

"मोतीबिंदू काढल्यावर," मार्सेला म्हणाली. "त्यानंतर दिसायचं."

सत्तरी ओलांडलेली आई तिच्या डोळ्यांपुढे आली. चष्मा नाकावर ओढून, दार लावून, थांबत थांबत त्या नावावरून पेन फिरवणारी. आधी मार्सेलाला संतापच आला. एका भिंतीपलीकडे रेडिओ, अलीकडे हे कार्ड, आणि मध्ये ते गार होणारं सूप! 'मला सांगायचं होतंस ना गं,' ती मनात म्हणाली. 'दोघींनी मिळून वाट पाहिली असती.'

"वरची शाई उतरवून देणारे कारागीर असतात," टेरेन्स म्हणाला. "खाली थोडीफार रेघ उरेल. मग शिक्का मिळू शकेल."

ती विचारात पडली. बापाची रेघ, एकटी, उघडी. तेवढ्यासाठीच तर ती आली होती.

"नको," ती म्हणाली. "आईचा हात पुसायला नाही आले मी. पण परत एकदा दाखवता का? खालची."

त्याने पुन्हा दिवा लावला. मागच्या रांगेत कुणी खाकरलं, कुणी घड्याळ पाहिलं. लेनी खिशात हात घालून दूर उभा होता, तो पुढे सरकला आणि तिच्या खांद्यावरून पडद्यात वाकून बघत राहिला.

परत येताना गाडी मार्सेलाने चालवली. लेनी शेजारी बसला होता, कार्ड दोन्ही हातांत अलगद धरून. वाटेतलं ब्लेअर्सव्हिल गाव मागे पडलं तरी त्याने ते परत दिलं नाही.

"मार्सी," तो म्हणाला, "उंच होता का गं तो?"

"आठवत नाही रे," ती म्हणाली. "आईला विचारायला हवं होतं."