वस्तादांच्या मांडीवरचा गेमपॅड

मित्रांनो, औशाच्या बस स्टँडजवळ खाजामियाँचे दुकान आहे. पुढच्या भागात रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त होतात, मागच्या खोलीत त्यांचा मुलगा यासेर व्हिडिओ गेम चालवतो. त्या खोलीतल्या खिळ्यावर जो काळा, कडा घासलेला जुना गेमपॅड लटकलेला असतो, तो मी.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात दोन इवल्या मोटारी बसवल्या आहेत. पडद्यावर घाव बसला की त्या फिरतात आणि मी खेळणाऱ्याच्या तळहातात थरथरतो. अंगावर दोन दांड्या आहेत, डावी चालायला आणि उजवी आजूबाजूला बघायला. बाकी सगळी बटणे मारायची आणि पळायची.

नवा होतो तेव्हा माझ्यासाठी भांडणे होत. पण हरलेला प्रत्येक जण राग माझ्यावरच काढी. कुणी गादीवर आपटे, कुणी फरशीवर. हळूहळू डावी दांडी सैल झाली आणि कुणी हात लावला नाही तरी पडद्यावरचा योद्धा आपोआप डावीकडे चालू लागला. "हा येडा झालाय, दुसरा दे," असे म्हणत मुलांनी मला सोडले आणि मी खिळ्यावर गेलो.

तिथून मला भुजंग वस्तादांनी उतरवले.

वस्ताद किल्लारीच्या बाजूचे, एके काळचे नावाजलेले पैलवान. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगाला लकवा मारला. पाय सुधारला, पण हात छातीच्या वर जाईना आणि बोटे वळेनात. त्यांची मुलगी दीपमाला नुकतीच फिजिओथेरपी शिकून आली होती. तिने दाबायला रबरी चेंडू दिला, तर "मी काय लेकरू हाय का?" म्हणून त्यांनी तो म्हशीच्या गोठ्यात भिरकावला. तोही डाव्या हाताने. मग बाजाराच्या दिवशी ती त्यांना जीपने औशाला आणू लागली. चांगले गेमपॅड मुलांनी आधीच धरलेले असत, म्हणून मी वस्तादांच्या वाट्याला आलो.

खाजामियाँ मला न्याहाळून म्हणाले, "वस्ताद, तुमचा उजवा रुसलाय, याचा डावा. जोडी बरोबर जमली बघा."

"त्याची ओढ डावीकडं हाय ना? मग आपण जरा उजवीकडं दाबून धरायचं," वस्ताद म्हणाले. मला आपटण्याऐवजी माझी खोड समजून घेणारा तो पहिला माणूस.

यासेरने त्यांना एक काळोखा खेळ लावून दिला. सूर्य विझलेले राज्य, पडके किल्ले, राख आणि एकामागून एक राक्षसी देव. मित्रांनो, हे आपल्या देवळातले देव नव्हेत, कुणा चित्रकाराच्या डोक्यातून निघालेले. एकाची मान ढगात, एकीच्या केसांना आग. वस्ताद जमिनीवर बसत, मला मांडीवर घेत आणि अडखळत्या अंगठ्याने बटणे दाबत. हरत, पुन्हा बसत. खेळाच्या शेवटच्या शत्रूला ते ‘शेवटची कुस्ती’ म्हणत, कारण त्यांच्या गावच्या जत्रेतही सगळ्यात मोठी जोड शेवटीच लागते.

ती जोड लावण्याचा मान वस्तादांचाच. दोन पैलवानांचे हात उचलून एकमेकांत द्यायचे, की हलगी वाजते. यंदा त्यांनी गावाला नाही म्हणून कळवले होते. "हातच वर जाईना, तर जोड कशानं लावू? डाव्यानं?" असे ते एकदा दीपमालाला म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या मांडीवरच होतो.

एकेक करत सगळे देव पडले. दीपमालाला त्याचे कारण आधीच दिसले होते. "देवांचं ठरलेलं असतंय आबा. तीन घाव, मग दम. पुन्हा तीन घाव. पाठ केलं की झालं."

"आकारानं मोठे हायत, पण एकानं बी माझ्याकडं बघितलं न्हाई," वस्ताद म्हणाले.

शेवटचे दार उघडले. आत कुणी देव नव्हता. गुडघ्याला चिंधी बांधलेला एक म्हातारा सरदार पायरीवर बसला होता. यासेरचा हिरमोड झाला. "एवढे देव मारले आणि शेवटी हा? शेवटी तर सगळ्यात बडा पाहिजे ना."

सरदार उठला. वस्तादांकडे बघून त्याने तलवार जमिनीत रोवली, वाकला आणि हात कपाळाला लावला.

वस्तादांनी मला मांडीवर ठेवले. फरशीला हात लावला, तोच उजवा हात, आणि तो कपाळाकडे नेऊ लागले. हात छातीपाशी अडला. तेवढ्यात तलवार आली, मी थरथरलो, आणि पडद्यावरचा योद्धा मेला.

"वस्ताद, गेमपॅड का सोडला?" यासेरने विचारले.

"त्यानं सलामी दिली की."

"चाचा, ते कॉम्प्युटर आहे. त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना. सलामीबिगर लागली ती कुस्ती न्हाई, मारामारी."

पुढे दर बाजाराला हेच घडू लागले. सरदार वाके, वस्ताद मला सोडत, हात अर्ध्यावर अडे, तलवार येई. मुले हसून लोळत. "वस्ताद सलाम करून मरायलेत," अशी थट्टा चाले. यासेरने सुचवले, निदान डाव्या हाताने तरी उरका. वस्तादांनी त्याच्याकडे असे बघितले की तो चहा आणायला निघून गेला.

दीपमाला मात्र हसायची थांबली होती. घरी सगळ्या व्यायामांत आबा डाव्या हाताचा टेकू घेत. इथे घेत नव्हते, कारण डाव्या हाताची सलामी हा अपमान. ती कोपऱ्यात बसून फक्त बघत राही. छातीपाशी अडणारा हात गळ्यापाशी अडू लागला, मग हनुवटीपाशी. सरदार वाकून उभा राहीपर्यंत जो वेळ मिळे, तेवढ्यात हात वर जाऊन माझ्याकडे परत यायला हवा होता.

जत्रेआधीच्या बाजाराला तो वेळेत परत आला. हात फरशीला लागला, कपाळाला टेकला आणि तलवार खाली येण्याआधी माझ्यावर होता. योद्धा बाजूला सरकला. सरदाराचे काही ठरलेले नव्हते. तो थांबे, फसवे, मागे हटे. वस्ताद मला उजवीकडे दाबून धरत लढले. शेवटी सरदार गुडघ्यावर आला आणि आडवा झाला.

मुलांनी खोली डोक्यावर घेतली. वस्तादांनी मला खाली ठेवले आणि उजवा हात पडद्याकडे सरळ लांब केला, खांद्याच्या रेषेत.

"आबा," दीपमाला हळूच म्हणाली, "हात बघा तुमचा."

"हाताचं काय बघायचं? तो पडलाय ना माय. त्याला उठवायलोय."

सरदार काही उठला नाही. तशी सोयच त्या खेळात नव्हती. यासेरने पुढे होऊन पडदा बंद केला.

जत्रेत वस्तादांनी शेवटची जोड लावली. दीपमाला पेढे घेऊन आली तेव्हा हे कळले. एक पेढा तिने माझ्या खिळ्याखाली ठेवला, तो यासेरने खाल्ला.

मित्रांनो, तुम्हीही खेळाल, देवांना पाडाल, माणसांना पाडाल, आणि खूपदा हराल. तेव्हा मला आपटू नका, माझ्या दांड्या फार नाजूक असतात. हळूच खाली ठेवा. आणि जिंकलात तरीही ठेवा. माझ्या अंगावर इतकी बटणे आहेत, पण पडलेल्याला उठवायचे एकही नाही. त्यासाठी तुम्हाला मला सोडावेच लागेल.