वाचायची परवानगी

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले रिपोर्ट रोज सकाळी आपोआप वॉर्डांत पोहोचत. ते पाठवणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे संगणकी प्रोग्राम, सर्व्हरवर एकाच फोल्डरमध्ये होत्या, आणि सर्व्हर सांभाळायला ताई एकटीच होती. तीन वर्षांपूर्वी कामाच्या घाईत तिने तो फोल्डर सगळ्यांना खुला करून टाकला होता. कुणीही वाचावं, कुणीही बदलावं. नंतर नीट लावू म्हणाली आणि ते राहूनच गेलं.

एका सोमवारी रिपोर्ट गेलेच नाहीत. एका पेशंटचं ऑपरेशन दुपारपर्यंत खोळंबलं. शोधाशोध केल्यावर कळलं, की प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञांनी, म्हणजे दादांनी, एका वॉर्डाचा रिपोर्ट पाठवायचा बदललेला पत्ता थेट स्क्रिप्टमध्ये दुरुस्त केला होता. तसं ते नेहमीच करत. या वेळी चुकून एक अवतरणचिन्ह पुसलं गेलं आणि स्क्रिप्ट चाललीच नाही.

बैठकीत रुग्णालयाच्या प्रमुखांनी विचारलं, हे कुणी केलं. दादांनी मान खाली घातली. ताई गप्प बसली असती तरी तिला कुणी बोललं नसतं.

"फोल्डर मी उघडा ठेवला होता," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

त्याच आठवड्यात तिने सगळं नव्याने मांडलं. स्क्रिप्टचा फोल्डर वेगळा, रिपोर्टचा वेगळा. स्क्रिप्ट चालवायला सर्व्हरवर स्वतंत्र खातं, आणि बदलायचा हक्क फक्त तिला. दादांचा हक्कही तिने काढला.

दोन दिवस दादा तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकलो, ताई."

तिने त्यांना बसवून घेतलं. पत्ते आता वेगळ्या फाइलमध्ये आहेत, ती फाइल तुमच्याच हातात आहे, असं सांगितलं. स्क्रिप्ट मात्र त्यांना नुसती वाचता येणार होती.

दादांनी विचारलं, "आणि तुम्ही चुकलात तर?"

ती म्हणाली, की यापुढे माझा प्रत्येक बदल आधी तुम्ही वाचायचा, मगच तो चालू होईल. त्यातलं आपल्याला काय कळतंय, असं दादा पुटपुटले. पण खुर्ची त्यांनी पुढे ओढलीच. स्क्रिप्टच्या दुसऱ्याच ओळीवर त्यांनी असा काही प्रश्न विचारला, की ताईला स्वतःचंच लिहिलेलं पुन्हा वाचावं लागलं.