कढईतला गेनू

नरक रंगवायचा म्हटलं की बोलावणं मलाच येतं. स्वर्गाला दुसरे पेंटर आहेत. मी इस्माईल, भोरचा. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, देवळातली चित्रं, जे मिळेल ते रंगवतो. चार वर्षांपूर्वी माझी बायको जन्नतबी गेली, तेव्हापासून लांबचं कामसुद्धा नाकारत नाही. घरी लवकर जाऊन करायचं तरी काय?

पासलीच्या देवळात सभामंडपाची एक अख्खी भिंत यमपुरीची होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कोंडिबा पेंटरनं काढलेली, आता नव्यानं रंगवायची. रेड्यावर यम, वही घेतलेला चित्रगुप्त, करवतीखाली पापी. नरकाच्या दारात पोथीतला राजा. स्वर्गात आपली माणसं दिसेनात म्हणून तो त्यांना शोधत इथं आला, आणि ती इथं सापडल्यावर मीही इथंच राहतो म्हणून हटून बसला. मधोमध उकळत्या तेलाची कढई. तिच्यातला एक पापी चक्क हसत होता.

"ह्यो हसणारा आधी पुसा," देवळाच्या कमिटीचे सावळाराम म्हणाले. "नरकात कुणी हसतं व्हय? अन् नवे चेहरे कुणासारखे नकोत. कोंडिबानं गावातलीच माणसं काढली, लोक अजून नावं ठेवत्यात."

मी मान डोलावली. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार?

दुसऱ्या दिवशी भिंत घासायला घेतली तेव्हा खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. कढईजवळ हात गेला तशी ती उठली.

"पेंटरभाऊ, त्यांना सोडा की."

"कुणाला, मावशी?"

"हसत्यात त्यांना."

नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. ते मला आदल्या दिवशीच गावात कळलं होतं. गेनूच्या बायकोला, साळूबाईला, सगळं गाव 'कढईतल्याची साळू' म्हणायचं.

"पाप्यासाठी कोंडिबाला माणूस बसवायचा हुता," ती सांगू लागली. "नरकात बसायला कोण तयार व्हतंय? आमचं मालक म्हणालं, गरम भजी द्या, बसतो. लग्नातल्या कढईत तीन दिस बसलं, पर हसायचं काय थांबलं न्हाई. दोन वर्सांनी खाचरात पान लागलं, इख चढलं. दवाखान्यात न्यायच्या आत गेलं."

"फोटो?"

"तवा हितं कुठला फोटोवाला? पोरबाळबी न्हाई. एवढंच हाय."

माझ्या हातातला पॉलिश पेपर खाली आला. मला फार वाईट वाटलं.

"त्यांना वर स्वर्गात बसवू का?" मी विचारलं. "तिथं हसलं तर कुणाची हरकत नसंल."

"तिथं त्यांच्या वळखीचं कोण हाय? हितंच ऱ्हाऊ द्या. अन् मलाबी शेजारी बसवा."

तेवढ्यात सावळाराम आले. त्यांनी ऐकलं होतं. "साळूआक्का, येड लागलं का? जिती बाई नरकात?"

तिनं दारातल्या राजाकडं बोट केलं. "श्रावणात तुमीच पोथी वाचता. आपली माणसं जिथं तिथं मी, असं राजा म्हणाला की तुमी हात जोडता. त्येच म्या म्हटलं की येड व्हय?"

सावळारामांनी राजाकडं पाहिलं. मग टोपी सारखी करत म्हणाले, "काढा इस्माईलभाई. कमिटीला म्या सांगतो."

मी ब्रश धुतला. "मावशी, तरुण काढू?"

"हाय तशीच काढा."

"लोक म्हणतील, ही त्यांची आई."

"म्हणू द्या. यायला किती उशीर झाला ते त्यांना दिसू द्या."

चार दिवस लागले. सुरकुत्या काढल्या, पडलेला दात काढला. काम झाल्यावर ती भिंतीपुढं उभी राहिली आणि तिनं डोक्यावरून पदर घेतला. स्वतःकडं तिनं पाहिलंच नाही. त्याच्याकडंच बघत होती.

संध्याकाळच्या एसटीनं भोरला आलो. कुलूप काढलं, दिवा लावला. मोबाईलमध्ये जन्नतबीचे फोटो आहेत, पण सगळ्यांत ती दुसऱ्याच कुणाकडं तरी बघतेय. चाळीस वर्षांत शेकडो चेहरे रंगवले, तिचा एकही नाही. भाकरी थापता थापता ती एकदा म्हणाली होती, "कधी माझंबी काढा की."

"तुझं काय काढायचं?" मी म्हणालो होतो. "रोज तर दिसतेस."